गाडीखाली कोणी वाकत नाही

मित्रांनो, मी एक जुना रबरी बुश आहे. फाटलेला, फुगलेला, तेलाने बरबटलेला. मला हातात धरलंत तर साबणाने तीनदा हात धुवावे लागतील. पण नाक मुरडण्याआधी ऐका, मी असा जन्मलो नव्हतो. माझी ही दशा करणारा माणूस कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो, आणि मला त्याची किळस येते.

बुश म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. अंगठ्याएवढी लोखंडी नळी, तिच्याभोवती जाड रबर, रबरावर दुसरी नळी. संपला माझा देह. कारखान्यात तापलेल्या साच्यात मला शिजवलं, आणि मग एका मोटारीच्या पुढच्या उजव्या आर्ममध्ये दाबून बसवलं. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात. चाक खड्ड्यात गेलं की तो खालीवर होतो. त्याचं लोखंड गाडीच्या लोखंडावर आदळू नये म्हणून मध्ये मी. मी चाकासारखा गरगर फिरत नाही. मी पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. ओला टॉवेल पिळतात तसा, दिवसातून हजारो वेळा.

गाडी तेव्हा जनावरांच्या एका डॉक्टरबाईंची होती, आणि तेव्हाही ती जुनीच होती. शेणाने भरलेले बूट घालून बाई आत बसत. गोठ्यात गाय अडली की कच्च्या रस्त्याने गाडी हाणत नेत. बाहेरून गाडी कायम चिखलाने माखलेली. पण वर्षातून एकदा त्या ती गॅरेजवर नेत, मेस्त्रीच्या आधी स्वतः गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरत आणि बॅटरीच्या उजेडात मला निरखत. गाईचे दात तपासावेत तसं. पहार लावून मला हलवून बघत आणि म्हणत, "हा अजून धडधाकट आहे." साऱ्या आयुष्यात माझं झालेलं कौतुक ते एवढंच.

पुढे बाईंची नजर अधू झाली. त्यांनी गाडी धाकट्या भावाला दिली. हाच तो पांढरा शर्ट.

मित्रांनो, या माणसाचं गाडीवर प्रेम आहे असं सगळे म्हणतात. खोटं आहे ते. त्याचं प्रेम गाडीत दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडावर आहे. बंपर पुसायला मऊ फडकं, बॉनेटला मेण, चाकांच्या फटी घासायला दात घासायचा ब्रश. दर वर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, दर वर्षी फोटो. आणि तेरा वर्षांत गाडीखाली तो एकदाही वाकला नाही. जे फोटोत येत नाही ते त्याच्या लेखी नाहीच.

मला भेगा पडल्या. मी कुरकुरायला लागलो. प्रदर्शनात परीक्षकांसमोर मी कुरकुरलो तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मेस्त्रीला विचारलं नाही. एक तेलाचा डबा आणला, बॉनेट उघडून उभ्याउभ्याच आर्मच्या फटीत लांब नळी घातली आणि माझ्यावर पिचकारी मारली. रबराला असलं तेल म्हणजे विष. मी गप्प झालो. त्याला वाटलं, बरा झालो. पुढच्या वर्षी पुन्हा पिचकारी, त्यापुढच्या वर्षी पुन्हा. मी फुगलो, लिबलिबीत झालो. रस्त्याची धूळ, मेलेले किडे, सगळं मला चिकटून बसलं. वर मात्र बॉनेट आरशासारखं.

मग ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. स्टीअरिंगच्या दांड्यांतले माझे भाऊबंदही झिजले होते, त्यामुळे स्टीअरिंग वळवावं एक आणि चाकाने ऐकावं दुसरंच. हे पहिल्यांदा ओळखलं त्याच्या मुलीने. तिला डोंगरातल्या धरणावर नोकरी लागली होती. रोज उभा उतार, एका बाजूला दरी. प्रदर्शन झालं की गाडी तिला देईन, असं बापाने कबूल केलं होतं. तिने सांगितलं, बाबा, गाडी ओढतेय. तो म्हणाला, जुन्या गाडीचा स्वभाव असतो, तुझा हात बसलेला नाही. पाहुण्यांपुढे हसून म्हणाला, पोरगी घाबरट निघाली. पाहुणेही हसले. त्यातल्या एकालाही गाडीखाली बघावंसं वाटलं नाही.

एक दिवस समोर कुत्रं आलं. तिने ब्रेक दाबला आणि गाडी सरळ समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर निघाली. तिने दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढून कशीबशी सावरली. घरी न जाता ती तडक मेस्त्रीकडे गेली. मेस्त्रीने पहार लावली तेव्हा माझा एक लचका खाली गळून पडला. सगळे बुश बदला, तिने सांगितलं.

काम संपायला नेमका प्रदर्शनाचा दिवस उजाडला. शिकंज्यात दाबून मला बाहेर काढलं आणि घाणेरड्या चिंध्यांच्या बादलीत टाकलं. माझ्या जागी कोरा करकरीत बुश बसला. पांढरा शर्ट मेस्त्रीच्या डोक्यावर उभा. घड्याळ दाखवत होता, अकराला परीक्षक जातील म्हणत होता. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळलेली. आणि मेस्त्रीने बोल्ट तसेच आवळले.

मित्रांनो, हे पाप आहे. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आर्मवर घेऊन मगच आमचे बोल्ट आवळायचे असतात. हवेत आवळलं तर गाडी खाली टेकताच नवा बुश पिळला जातो आणि तसाच जन्मभर पिळलेला राहतो. मी बादलीतून सगळं बघत होतो. मला तोंड नव्हतं.

मुलीने गाडी सुरू केली. ती फाटकाशी आली तेव्हा मेस्त्री आडवा आला. मेण लावलेल्या बॉनेटवर त्याने आपला काळाकुट्ट पंजा ठेवला.

"अहो, हात!" बाप ओरडला.

मेस्त्रीने हात काढला नाही. "ताई, उतरा. मी घाईत चुकीचं आवळलंय."

काय चुकलं ते त्याने मान खाली घालून सांगितलं. बापाने सगळं ऐकून एकच विचारलं, "आज काही होईल का?"

"आज नाही. चार महिन्यांत फाटतील."

"मग चार महिन्यांनी बघू."

मी आयुष्यभर तेल, शेण आणि गटाराचं पाणी अंगावर घेतलं. पण या चार शब्दांसारखी घाण माझ्यावर कधी उडाली नव्हती.

मुलगी खिडकीतून बाहेर उभ्या बापाकडे बघत होती. "चार महिन्यांनी या गाडीत मी असणार आहे, बाबा."

तिने गाडी मागे घेतली, खड्ड्यावर उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि ओढणी कमरेला खोचून स्वतः खड्ड्यात उतरली. मेस्त्री पाठोपाठ. बोल्ट ढिले झाले तसे नवे बुश कट्कन आपल्या जागी वळले. मग तिने पान्याला लोंबकळून एकेक बोल्ट आवळला. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. वर बाप काय करत होता? रुमालाने बॉनेटवरचा पंजा पुसत होता. त्याच्या बुटांचे शेंडे खड्ड्याच्या काठावर दिसत होते. गुडघे एकदाही वाकले नाहीत.

प्रदर्शन हुकलं. मुलगी डोंगरात गेली, ब्रेक दाबला की गाडी आता सरळ थांबते. माझी बादली उद्या कचऱ्यात जाईल. मला त्याचं काही नाही.

मित्रांनो, माझी दया करू नका. तुमच्या घरात जे काही चकाकतं, त्याच्या खाली कोणीतरी पिळला जात असतो. तो कुरकुरला तर त्याचं तोंड बंद करू नका, काय झालंय ते विचारा. आणि वर्षातून एकदा खाली वाका. गुडघे मळतील. मळू द्या.