मशीन थांबलं की वाक्य खोडायचं

माझं लिखाण आधी ताईच्या शिलाई मशीनपुढे पास व्हावं लागायचं. ती शिवत असायची आणि मी समोर बसून मोठ्याने वाचायचे. वाक्य लंगडलं की मशीन थांबायचं. ताई बोलायची काही नाही, चष्म्यावरून बघायचीही नाही. मी मुकाट्याने ते वाक्य खोडायचे की मशीन पुन्हा सुरू. लिहिताना डोळ्याला न दिसलेलं वाचताना कानाला टोचतं म्हणतात. माझा मात्र माझ्या कानापेक्षा तिच्या पायावर जास्त भरवसा.

आमच्या लहानपणावरचं पुस्तक असंच तयार झालं. ते पाठवलं आणि प्रकाशकांकडच्या संपादकबाईंचा फोन आला.

"घर झकास उतरलंय हो. आई आहे, ताई आहे, चोरटं मांजरसुद्धा आहे. पण वडील कुठे गेले? त्यांच्याशिवाय हे छापण्यात राम नाही."

वडील कुठे गेले? मी तर त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली होती. त्यांची सायकल, त्यांची शिट्टी, मला पेन्सिलींना टोक करून देणारे त्यांचे हात. मशीन थांबलं म्हणून सगळं खोडलं होतं. बाबांवर लिहिणं आपल्याला जमत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. आता मात्र मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक भिकार वाक्य लिहून नेलं. ताई पडद्यांना अस्तर लावत होती. मी घसा खाकरून वाचलं, "आई जी कामं होती ती कामं कामाच्या वेळी काम म्हणून करायची."

मशीन आपलं चालूच. तसलीच आणखी दोन वाचली, त्यांनाही माफी.

मग म्हटलं, "बाबा दारात आले."

मशीन थांबलं. तीन शब्दांचं वाक्य, त्यात लंगडायला पाय तरी कुठे होते?

"ताई, यात वाईट काय आहे?"

"काही नाही." ती पडदा सरळ करत राहिली.

"मग थांबलीस का?"

"अगं, दोरा..."

"दोरा तुटलेला नाही. मी बघतेय."

तिने चष्मा काढला. "सायकलवरचं वाक्य चांगलं होतं तुझं. फार चांगलं होतं."

"आणि ते तू मला खोडू दिलंस?"

"मला ऐकवत नव्हतं गं. तुला ते सायकलवरून शाळेत सोडायचे. मला शाळेतून काढून त्याच सायकलवरून शिवणाच्या क्लासला नेऊन बसवलं. म्हणाले, एकीचंच शिक्षण झेपेल. तू लहान होतीस."

"मला सांगायचं होतंस! इतकी वर्षं मी समजत होते की मला बाबांवर लिहिता येत नाही."

"तू इतकी खुशीत वाचायचीस," ती म्हणाली. "तोंडाने थांब म्हणवेना. पाय थांबायचा."

तिचं दुःख खरं होतं, ते मला कळलं. तरी मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या माणसावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यानेच केसाने गळा कापला. मी कागद गोळा केले आणि तिच्याकडे न बघता निघाले.

घरी दार लावून सगळं पुस्तक मोठ्याने वाचायला बसले, या वेळी एकटीच. खोडलेलं एकेक वाक्य परत घेतलं. शिट्टी आली, पेन्सिली आल्या. मग सायकलचं वाक्य आलं. ते खरंच चांगलं होतं.

"बाबा मला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचे."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले, तर "मला" या शब्दाशीच आवाज अडकला. खोलीत मशीन नव्हतं. मीच थांबले होते.