माणिकप्पांच्या घरचा डावा स्पीकर

मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगायला बसणारे बहुतेक सगळे म्हातारे असतात. कुणी गंजलेला, कुणी अडगळीत पडलेला. मी तसा नाही. मी एक तरुण, धडधाकट स्पीकर आहे आणि दिसायलाही बरा आहे. उजवा स्पीकर माझा जुळा भाऊ. त्याच्या मते मी सगळं फुगवून सांगतो. पण ही हकीकत फुगवायची गरजच नाही.

आम्ही कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. लातूरहून किल्लारीला येणाऱ्या जीपच्या टपावरून सुट्या भागांचं एक खोकं आलं, तेच आम्ही. त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या होत्या. जाड आवाजासाठी वूफर, बारीक आवाजासाठी ट्विटर, वायरी, स्क्रू, आवाजाच्या बटणाचा एक छोटा डबा आणि जोडणीचं एक पुस्तक होतं. हे खोकं मागवलं होतं तनुजाताईंनी. त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या. त्यांचा नवरा बसवंत साखर कारखान्यात कामाला. पण आम्हाला मागवण्याचं कारण होते त्यांचे सासरे, माणिकप्पा.

माणिकप्पा अंगणात झोपत. त्र्याण्णवच्या भूकंपात जुन्या गावातलं त्यांचं घर पडलं. आई आणि थोरली मुलगी त्यात गेल्या. लहानग्या बसवंतला आणि त्याच्या आईला तेवढं त्यांनी बाहेर काढलं. पुढे नवं गाव वसलं, पक्कं घर मिळालं. बायको त्या घरात राहिली आणि काही वर्षांनी आजारानं वारली. माणिकप्पा मात्र तिथे एकदाही झोपले नाहीत. जेवायला आत येत, तेही दाराशी बसून. भीती वाटते असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. उन्हाळ्यात म्हणत, "आत लई उकडतंय." हिवाळ्यात म्हणत, "गुरांकडं ध्यान ठिवावं लागतं." गुरं विकून झाली तरी ते हेच म्हणत राहिले आणि घरातले सगळे मान डोलावत राहिले.

आम्ही येण्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. यापुढे थंडीत बाहेर झोपलात तर जिवावर बेतेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं. दसरा झाला, गारवा सुरू झाला, तरी माणिकप्पा बाजेवरून हलेनात. त्यांची आई कन्नड वचनं, म्हणजे भक्तीची पदं, म्हणायची. तीच वचनं ते मोबाइल कानाला लावून ऐकत बसायचे. तनुजाताईंना वाटलं, हीच वचनं खोलीत झकास वाजली तर मामा आपणहून आत येतील. म्हणजे बघा, आमच्या जन्माआधीच केवढी जबाबदारी आमच्यावर टाकली होती!

जोडणी ओसरीवर सुरू झाली. फळ्या चिकटवल्यावर त्या आवळून धरायला हवं होतं आणि शिकंजे तर नव्हते. तनुजाताईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, पण गाठ बसेना. अंगणातून माणिकप्पा बघत होते. ते उठून आले.

"सर बाजूला. उसाची मोळी बांधलेली हात हाइत हे," ते म्हणाले आणि त्यांनी मला असं करकचून बांधलं की माझे चारही कोपरे काटकोनात जुळले.

"लाकूड कसलं म्हणायचं हे?" त्यांनी विचारलं.

"भुशाचं हाय मामा. वरून छान दिसतंय, पण पाणी लागलं की फुगतंय."

"मग जपावं लागंल," ते म्हणाले. हे वाक्य मला फार आवडलं.

आमच्या पोटात वायरी जोडल्या गेल्या, वूफर-ट्विटर बसले, अंगावर सागवानी रंग चढला. इथवर सगळं छान झालं. घोळ केला तो बसवंतनं.

आम्हाला भिंतीपासून दूर, स्टुलावर ठेवा, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पण आमच्या गावात कपाट असो की टीव्ही, जड वस्तू कुणी मोकळी ठेवत नाही. पुन्हा जमीन हलली तर अंगावर पडू नये म्हणून भिंतीला जखडून टाकतात. बसवंतनं मोठ्या मायेनं लोखंडी पट्ट्या आणल्या, भिंतीत भोकं पाडली आणि आम्हा दोघांना बोल्टनं घट्ट आवळलं. "आता काय बी होऊ दे, आप्पाच्या डोक्यावर पडत न्हाईत," तो म्हणाला. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं आणि त्याच भिंतीला भांड्यांची मांडणी ठोकलेली होती.

संध्याकाळी माणिकप्पांना आग्रहानं आत बोलावलं. नव्या चादरीवर ते अवघडून बसले. तनुजाताईंनी वचनं लावली. मृदंगाचा पहिला ठोका पडला आणि मी आयुष्यात प्रथमच छाती भरून वाजलो. मी थरथरलो, बोल्ट थरथरले, भिंत थरथरली आणि पलीकडे मांडणीवरची ताटं खणखणायला लागली.

माणिकप्पा ओरडले नाहीत. त्यांनी एका हातानं तनुजाताईंचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं बसवंतची कॉलर, आणि दोघांना फरफटत अंगणात नेलं. बाहेर गेल्यावर त्यांना कळलं की गाव आपलं निवांत आहे. शेजारी चुलीवर भाकरी भाजल्या जात होत्या. त्यांनी हात सोडले.

"आत लई उकडतंय," ते हळूच म्हणाले. आणि कार्तिकाच्या त्या गारठ्यात बाजेवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते जेवायलाही आत येईनात.

मला भिंतीवर राहणं नकोसं झालं. ज्यांना आत आणायला आम्ही जन्मलो, त्यांना आम्हीच उंबऱ्याबाहेर घालवलं होतं.

बसवंतनं बोल्ट काढले. तनुजाताईंनी खिडकीतून लांब वायर काढली आणि आम्हाला बटणाच्या डब्यासकट उचलून थेट अंगणात, माणिकप्पांच्या बाजेशेजारी आणून ठेवलं. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त आवाज बारीक ठेवून वचनं लावली.

माणिकप्पा माझ्याकडे संशयानं बघत होते.

"मामा, हात ठिवा ह्याच्यावर," तनुजाताई म्हणाल्या. "त्या दिशी हालत होतं ते हेच. भुई न्हवती."

त्यांनी तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. खरखरीत, गरम तळवा. माझ्या आतली धडधड त्यांना लागली तसा त्यांनी हात मागं घेतला.

"बंद कर," ते म्हणाले.

तनुजाताईंनी बंद केलं. मी थांबलो.

"लाव." मी वाजलो. "बंद कर." थांबलो. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यांनी बटण स्वतःच्या हातात घेतलं. आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. आई म्हणायची ते वचन सुरू होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"थांब म्हणलं की थांबतंय हे," ते म्हणाले. "त्या पहाटे असं बटण कुठं हुतं? मी लई भेलो हुतो पोरी. आजून भेतो."

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले. तनुजाताई त्यांच्याजवळ बसून राहिल्या. मग त्या कणीक मळायला आत गेल्या.

अंधार पडू लागला, हवा ओलसर झाली. माणिकप्पांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि हाक मारली, "तनुजा, दव पडाय लागलंय. भुशाचं लाकूड हाय, फुगंल. आत घे ह्यांना."

"माझे हात पिठाचे हाइत मामा," आतून उत्तर आलं. "तुमीच ठिवा की."

माणिकप्पा थोडा वेळ दाराकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मला उराशी धरलं. त्यांचं काळीज माझ्या वूफरपेक्षा जोरात उडत होतं, हे मी शपथेवर सांगतो. एकेक पाऊल टाकत ते आत आले. मला भिंतीपासून दूर, स्टुलावर ठेवलं. परत जाऊन माझ्या भावाला आणलं. आणि मग पलंगावर टेकून, माझ्या डोक्यावर हात ठेवून, ते आत बसून राहिले. बसवंत कामावरून आला, त्यानं हे बघितलं आणि चपला न काढता तसाच दारात थबकला. माणिकप्पा त्या रात्री आतच झोपले.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. आम्हाला ओलीपासून जपा, आमच्या अंगावर फुलदाण्या ठेवू नका. आणि आवाज वाढवण्याआधी एकदा घरात बघून घ्या. कोपऱ्यात कुणी दचकून बसलं असेल, तर बटण त्याच्या हातात द्या.