इंग्रजाचा हात

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपली इंग्रजी स्पोर्ट्स कार आपल्याच फाटकाच्या खांबावर घातली, हे ऐकून गॅरेजात पत्रा ठोकणाऱ्या डेंटरला आधी हसू आलं. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस, आणि त्याला एवढा जाडजूड खांब दिसू नये! पण गाडी गॅरेजात आली आणि हसू जागच्या जागी जिरलं. उजव्या मडगार्डची पार वाट लागली होती.

गाडी साठ वर्षांची. लांबलचक नाक, दोनच दारं, आणि बसायची जागा इतकी खाली की उतरताना आधी डॉक्टरांचे हात बाहेर यायचे, मग डोकं, आणि उरलेले डॉक्टर सवडीने. कंपनी छोटी, केव्हाच बंद पडलेली. तयार भाग मिळायची सोयच नव्हती. नवा मडगार्ड सपाट पत्र्यातून ठोकूनच काढायला हवा होता.

"डावा बघा आणि हुबेहूब तसाच करा," डॉक्टर म्हणाले. "डावा अस्सल आहे. कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, तिथे सगळे तोच बघायला येणार."

डॉक्टरांबरोबर त्यांचे दोन मित्र होते. एक रिटायर झालेले जज, दुसरे भूमितीचे प्राध्यापक. दोघांकडे गाडी नव्हती. प्राध्यापक तर बसने यायचे. पण मतं म्हणाल, तर गॅरेजात मावणार नाहीत एवढी!

"जग्वारचं बॉनेट म्हणजे शेवटचा शब्द," जज म्हणाले. "त्यावर अपील नाही."

"बॉनेट काय घेऊन बसलात! ॲस्टन मार्टिनची कंबर बघा," प्राध्यापक म्हणाले. "इंग्रज रेष ओढतो आणि बरोबर जागी थांबतो. इटलीवाले थांबतच नाहीत."

"आणि इथल्या हाताला तर तो संयम नाहीच," जज डाव्या मडगार्डवरून बोट फिरवत म्हणाले. "हे बघा. याला म्हणतात वारसा."

डेंटर मान डोलवत राहिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी वाद घालायचा नसतो, कारण उंट त्यांचा असतो. शिवाय त्याला या तिघांच्या मताची पडलीच नव्हती. त्याचं सगळं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथे एका जुन्या गाडीचं मागचं सीट भिंतीला टेकून ठेवलेलं, आणि त्यावर त्याचे बाबा बसलेले.

बाबांनी पन्नास वर्षं पत्रा ठोकला होता. आता हात थरथरायचे म्हणून ठोकत नव्हते, बघत होते. आणि बाबांचं बघणं म्हणजे ठोकण्यापेक्षा जड काम! डेंटरचं कितीही चांगलं काम दाखवा, बाबा तळहात फिरवणार आणि म्हणणार, "चालेल." बस्स. डेंटरने लग्नासाठी मुलगी पसंत केली, तेव्हाही "चालेल"च. सूनबाईने ते आजतागायत विसरलेलं नाही. तीस वर्षं डेंटर या माणसाच्या तोंडून "चालेल"च्या पुढचा एक शब्द निघायची वाट बघत होता. वयाची पन्नाशी आली, केस पिकले, तरी बाबा पत्र्याला हात लावायला उठले की तो हातोडा खाली ठेवून उभा राहायचा.

"हा मडगार्ड बघून तरी बोलतील," त्याने मनाशी म्हटलं. इंग्रजाच्या बरोबरीचं काम म्हटल्यावर म्हातारा किती दिवस तोंड आवळून बसणार?

तर दुसऱ्या दिवशी माप घ्यायला म्हणून तो चाक काढून डाव्या मडगार्डच्या आत टॉर्च घेऊन शिरला. आतली माती खरवडली. आतल्या कडेला लोखंडी पंचाच्या टोकाने ठोकून पाडलेले तीन ठिपके होते. दोन वर, एक खाली. ही बाबांची खूण. लहानपणापासून त्याने ती शेकडो पत्र्यांच्या पोटात पाहिली होती.

अस्सल कसलं आणि कारखाना कसला! कुण्या जुन्या मालकाने कधीतरी डावी बाजूही आपटली असणार, आणि इंग्रजाची ती सुप्रसिद्ध रेष याच गॅरेजात, बाबा ज्यावर पत्रा ठोकायचे त्या कोपऱ्यातल्या गंजक्या ड्रमवर निघाली असणार. अरे देवा, म्हणजे बरोबरी करायची ती बाबांशी! यापेक्षा इंग्रज परवडला असता.

"बाबा, ही गाडी पूर्वी आपल्याकडे येऊन गेली होती का हो?"

"गाड्या येतात, जातात," बाबा म्हणाले. "तू पत्रा बघ."

त्याने पत्रा बघितला. पाच आठवडे बघितला. रेतीच्या पिशवीवर ठोकला, मागून लोखंडी ठोकळा धरून सरळ केला, ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून न मोडता वाहतो का ते पाहिलं. आणि ऐन शेवटी त्याला एक नको ती गोष्ट दिसली. बाबांचा डावा मडगार्ड हेडलाइटपाशी किंचित फुगलेला होता. अगदी केसभर.

आता काय करायचं? हुबेहूब करायचा तर बापाची चूकही हुबेहूब करायला हवी. न करावी, तर बापाला शिकवल्यासारखं होणार. दोन दिवस तो हातोडा हातात घेऊन नुसता फेऱ्या मारत होता. शेवटी त्याने ठरवलं, फुगवटा आणायचा. पण हात ऐकेना! रेष आपणहून बसायची तिथेच बसली. मग मात्र त्याने रंग मारायला देऊन टाकला, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तिघे रसिक आले. गाडी हिरवीगार चमकत होती. डॉक्टरांना चेव आला.

"ओळखा पाहू," ते मित्रांना म्हणाले. "कुठला मडगार्ड गॅरेजातला आणि कुठला कारखान्यातला? खांब कुठल्या बाजूला लागला, ते आठवतंय?"

दोघांनाही आठवत नव्हतं, आणि दोघांनीही ते कबूल केलं नाही. प्राध्यापकांनी एक डोळा मिटला. जज उकिडवे बसले, उठताना गाडीलाच धरून उठले, आणि त्यांनी निकाल दिला.

"डावा नवा आहे. हेडलाइटपाशी फुगलाय बघा. हा आपला गॅरेजातला हातोडा, लपत नाही. आणि उजवा! अहाहा. हा इंग्रजाचा हात."

"निःसंशय," प्राध्यापक म्हणाले. "थांबायचं तिथे थांबलाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, उजवा नवा आहे!"

मग प्राध्यापक म्हणाले, की कारखान्यातही कधीकधी फुगवटा राहायचा आणि खरं सौंदर्य त्यातच असतं. जज म्हणाले, की आपण उजेडाच्या विरुद्ध बाजूला उभे होतो. पडले तरी नाक वर!

डेंटरचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्याच्या कामाला इंग्रजाचा हात म्हटलं होतं, पण बाबांच्या कामाला बाबांच्या देखत नावं ठेवली गेली होती, आणि त्याला कारण तो स्वतः होता. त्याला भयंकर लाज वाटली. कोपऱ्यातलं सीट करकरलं. बाबा उठले होते.

बाबा सावकाश गाडीपाशी आले. डोळे मिटून त्यांनी तळहात डाव्यावरून फिरवला. मग उजव्यावरून. मग परत उजव्यावरून.

"डावा मी ठोकलाय," ते म्हणाले. "त्या ड्रमवर. चाळीस वर्षं झाली."

"पुरावा?" जजच्या तोंडून सवयीने निघून गेलं. डेंटरने टॉर्च पुढे केला. जज पुन्हा उकिडवे बसले, मडगार्डखाली डोकं घातलं, तीन ठिपके बघितले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"म्हणजे पुढे डावीकडे तुम्ही, उजवीकडे तुमचा मुलगा," डॉक्टर रडवेल्या आवाजात म्हणाले. "मग माझ्या गाडीत इंग्रजाचं राहिलं काय?"

"मधलं आहे की," बाबा म्हणाले.

मग ते डेंटरकडे वळले. म्हातारा "चालेल" म्हणाला असता, तरी त्या घटकेला त्याने ते पदरात पाडून घेतलं असतं.

"हेडलाइटपाशी फुगलाय ते मला तेव्हाच दिसलं होतं," बाबा म्हणाले. "मला जमलं नाही. तो डावा काढ. उजव्यासारखा करून घेऊ."

"अहो, परवा प्रदर्शन आहे!" डॉक्टर ओरडले.

बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डेंटर पाना शोधायला म्हणून भिंतीकडे वळला आणि बराच वेळ पाठमोराच शोधत राहिला. पाना त्याच्या हातातच होता.