दगडोबांच्या पोटातली नळी

मी एक कापडी नळी बोलतेय. तारेच्या जाळीवर शिवलेली, अंगठ्याहून जाड. माझा मुक्काम वरवंडच्या दगडोबांच्या पोटात. हृदयाकडून खाली येणारी त्यांची मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ती फुटू नये म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीतून मला आत सरकवलं. सगळं रक्त माझ्यातून जावं, फुगलेल्या भिंतीला त्याचा धक्का बसू नये, एवढंच माझं काम.

"दर वर्षी स्कॅन करायचा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या वर्षी केला, झकास आला. तिथंच दगडोबांच्या डोक्यात किडा वळवळला.

"काम चांगलं झालंय, तर परत परत बघायचं कशाला? कायतरी गडबड केली आसंल त्यांनी," ते बायकोला, भागुबाईंना म्हणायचे. जन्मभर मेंढरं पारखून घेतलेला माणूस, सहजासहजी कुणावर भरवसा ठेवायचा नाही. पुढं स्कॅन राहिलाच.

संशय मलाही होता, पण माझा माझ्यावरच. खालच्या टोकाला माझी पकड सुटत चालली होती. रक्त माझ्या बाहेरून झिरपत होतं आणि जुन्या फुगवट्यात पुन्हा ठोके पडत होते. दगडोबा मात्र मजेत जेवत होते, शेतात जात होते. त्यांचं ते ठणठणीत असणंच मला खोटं वाटायचं.

एका सकाळी त्यांचा हात पोटावर गेला. बेंबीच्या बाजूला काहीतरी उडत होतं.

"बेंबी सरकली वाटतं गं."

गावात कुणाची बेंबी सरकली की भागुबाईंनाच बोलावतात. बोटानं ठोका शोधायचा, बाजूला लागला तर तेल लावून पोट चोळायचं, म्हणजे तो जागेवर येतो अशी समजूत. त्यांनी तेल कोमट केलं आणि अंगठा खोल दाबला. अहो बाई, तो ठोका बेंबीचा नाही, माझ्या बाहेरच्या फुगवट्याचा आहे! भिंत ताणली गेली. मी पार घाबरले.

तेवढ्यात सून अनिता कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी संपवून आली.

"आत्या, हात काढा आधी! मामा, स्कॅनला चला."

"तुला बी डॉक्टरचं खरं वाटतं व्हय?"

"मला तुमचं खरं वाटत न्हाई. उठा!"

दौंडला त्यांना यंत्रात निजवलं. रक्ताची वाट दिसावी म्हणून हाताच्या शिरेतून सोडलेलं औषध ऊन-ऊन लागत माझ्यातून गेलं, आणि थोडं माझ्या बाहेरून. पडद्यावर ते लख्ख दिसलं.

"नळीच्या बाहेर रक्त जातंय. लगेच पुण्याला न्या. पोटाला कुणी हात लावू नका," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हातानंच गेलं आसतं वो मानूस," असं म्हणत भागुबाईंनी दिलेला हुंदका मला आतपर्यंत ऐकू आला. त्यांचा मला जराही राग आला नाही.

आता गाडी पुण्याकडे निघाली आहे. माझ्या खालच्या टोकाला नवा तुकडा जोडणार आहेत. दगडोबा अजून विचारतायत, "दुसरी बसवली म्हंजी दर वर्षाचा फोटू बंद ना?"

नाही हो, आबा. शंकाच घ्यायची तर डॉक्टरांवर कशाला, माझ्यावर घ्या. त्या नव्या तुकड्यावरही घ्या. काहीच दुखत नसेल त्या वर्षी तर नक्की घ्या. मला तुमच्या पोटात खूप वर्षं राहायचंय.