पेंटरकाकांच्या कमरेची फिल्म

मी पेंटरकाकांच्या कमरेची एमआरआय फिल्म बोलतेय. निळसर काळी, अंगावर वीस चित्रं, आणि वीसही चित्रांत एकच माणूस.

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात काकांची तीस वर्षं शिडीवर गेली. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली ती सुटेचना. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मोजे घालायचे तरी दहा मिनिटं जायची.

माझा जन्म धडधडणाऱ्या मशीनमध्ये झाला. काका अर्धा तास न हलता पडून होते. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. ते काही माझ्यावर उमटलं नाही.

घरी आल्यावर ते रोज मला खिडकीच्या काचेला लावत आणि रिपोर्टमधले शब्द अक्षरं जुळवत वाचत. 'डिस्क बल्ज'. 'डिजनरेशन'. शेजारचे मास्तर म्हणाले, "मणके झिजलेत म्हणजे! जपा हो, एक झटका बसला की कायमचं अंथरूण." झालं. शिडी बंद, जिना बंद. दुधाची पिशवीसुद्धा काका पायाने सरकवत आत आणू लागले.

मग परगावच्या लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही पाठवलेला रिपोर्ट डॉक्टर मैत्रिणीला दाखवला. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाली. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"हो गं, विशेष काही नाही," काका म्हणाले आणि फोन ठेवून भिंत धरून उभे राहिले.

एकाने घाबरवलं, दुसरीने खोटं पाडलं. दोन्हीकडे साक्षीला मीच.

शेवटी ते व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंकडे गेले. बाईंनी मला उजेडावर धरलं, नीट पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मला जरा रागच आला.

"काका, केस पिकतात तसे मणकेही पिकतात. ज्यांना काही दुखत नाही, अशा कितीतरी जणांच्या फिल्ममध्ये हेच दिसतं. तुमची नस कुठे दबलेली नाही. वाकलात म्हणून कंबर मोडणार नाही. हळूहळू हलवायला लागा."

"म्हणजे दुखतं ते खोटं?"

"कोण म्हणतं? दुखणं अगदी खरं. ते फिल्ममध्ये दिसत नाही, एवढंच."

काका कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

दुखणं गेलं नाही. पण काका जिना उतरले. आता स्टुलावर बसून वीस मिनिटं अक्षरं रंगवतात, मग उठून फेऱ्या मारतात. काही दिवस बरे जातात, काही अजिबात नाही.

मी कपाटावर पडून आहे. महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर बघा जरूर, पण ती खाली ठेवून त्या माणसाशीही बोला.

परवा लेकीने विचारलं, "कसे आहात, बाबा?"

"दुखतंय गं. रोज दुखतं."

 पलीकडून तिचा बारीक आवाज आला, "सांगा ना. ऐकतेय मी."

काका सांगू लागले. मीही ऐकत राहिले. त्यातलं निम्म्याहून अधिक मलाही ठाऊक नव्हतं.