क्रिस्पिन वेलने न ऐकलेली बाजू

क्रिस्पिन वेलचं थोबाड मला पहिल्यापासून आवडत नव्हतं. पण आमची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा त्याने ती डोक्यावर घेतली होती, म्हणून मी गप्प बसलो. तो लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाचा माणूस. आमच्या शेफील्डमधल्या, म्हणजे पोलादाच्या गावातल्या, बँडवर लिहायला म्हणून इथेच खोली घेऊन राहिलेला. ‘भट्टीच्या धगीतून आलेला अस्सल आवाज’ असं त्याने आमच्याबद्दल लिहिलं. आयुष्यात भट्टी पाहिली नव्हती मेल्याने.

बँडचं नाव बॅकशिफ्ट. मी बास वाजवायचो आणि माझी धाकटी बहीण लोरेन गायची. दुसरी रेकॉर्ड आम्ही पहिलीसारखीच काढली, म्हणजे कंपनी-बिंपनी नाही, सगळं आमचं आम्ही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खळ लावून कव्हरं चिकटवली. परीक्षणासाठी पाठवायच्या प्रतींवर छापील लेबल नसतं, नुसता पांढरा कागद असतो. त्या प्रतींच्या कव्हरांवर लोरेनने स्वतःच्या हाताने एकेकाचं नाव लिहिलं. वेलच्या कव्हरावर लिहिलं, ‘क्रिस्पिन, दुसरी बाजू एकट्याने ऐक.’

कारण दुसऱ्या बाजूवर आईचं गाणं होतं. आमची आई वसंतात गेली आणि लोरेनने त्या उन्हाळ्यात एकच गाणं केलं, अख्खी बाजू भरेल एवढं लांब. ते लोकांपुढे न्यायचं की नाही यावर ती कित्येक दिवस झुरत होती. मीच म्हटलं, ‘अगं, टाक. वेलला कळेल.’

वेलने लिहिलं : ‘दुसरी बाजू पहिलीहून रटाळ. पत्र्यावर चमचे आपटावेत तसे तेच ड्रम आणि लोरेनबाईंचं तेच घरगुती रडगाणं. बाईंनी आता दुसरं काम शोधावं.’

बाईंनी शोधलं. दुसऱ्याच आठवड्यात लोरेन ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात लागली. गाणं बंद. अंघोळीलासुद्धा गुणगुणायची नाही. बाकीची साप्ताहिकं वेलच्या मागे मेंढरांसारखी गेली, दुकानदारांनी रेकॉर्डी परत पाठवल्या, ड्रमर दुसऱ्या बँडात पळाला. ते सगळं मी गिळलं असतं. पण घरात ती मुकी बसलेली दिसली की माझं डोकं फिरायचं. एक दिवस या माणसाला भर चौकात उघडा पाडायचा, एवढंच मनात असायचं.

परीक्षक लोक फुकट आलेल्या रेकॉर्डी जुन्या मालाच्या दुकानात विकतात, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. वेलचा माल स्टॅनच्या दुकानात यायचा. ऑक्टोबरात मी तिथे चाळत उभा होतो आणि हाताला आमचंच कव्हर लागलं, वर लोरेनचं अक्षर. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

‘स्टॅन, ही लाव. दुसरी बाजू.’

स्टॅनने पिन ठेवली. आणि आईच्या गाण्याऐवजी एकदम तुताऱ्या आणि ढोल! कुठल्यातरी कोळसा खाणीचा बँड नाताळची गाणी वाजवत होता. रेकॉर्डी छापणाऱ्या कारखान्याने त्या प्रतीची एक बाजू भलत्याच गिऱ्हाइकाची छापली होती.

‘तुम्ही लोक सुधारलात की रे,’ स्टॅन म्हणाला.

मी हसतच सुटलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. वेलने ती बाजू लावलीच नव्हती! न ऐकता माझ्या आईच्या गाण्याला रडगाणं म्हणाला होता, आणि पुरावा माझ्या काखेत होता.

त्याच महिन्यात पॉलिटेक्निकच्या सभागृहात शनिवारी दुपारी वेलचं भाषण होतं, ‘गिटारचं काय होणार’ की कायसं. उदाहरणं ऐकवायला मंचावर रेकॉर्ड प्लेअर ठेवणार होते. मी लोरेनला म्हटलं, ‘कामावरून सरळ तिकडे ये.’

‘कशाला? त्या माणसाचं तोंड बघायला?’

‘तू ये तर. आईच्या गाण्याचा हिशेब चुकता करतो.’

भाषण संपल्यावर मी हात वर केला. ‘वेलसाहेब, बॅकशिफ्टच्या दुसऱ्या रेकॉर्डबद्दल विचारायचंय. दुसऱ्या बाजूत नेमकं काय वाईट होतं?’

त्याने मला ओळखलं. गळ्यातला मफलर सारखा करत म्हणाला, ‘दुखावलायस तू, नेव्हिल. साहजिक आहे. पण मी ती बाजू पुन्हा पुन्हा ऐकली, न्याय द्यावा म्हणून. तेच ड्रम, तोच सूर. शेवटी शेवटी तर लोरेनला स्वतःलाच कंटाळा आलेला ऐकू येतो.’

‘शेवटी शेवटी?’

‘अगदी स्पष्ट.’

मी मंचावर चढलो, त्याला कव्हर दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘ही तुमचीच प्रत ना?’ स्वतःचं नाव वाचल्यावर तो जरा चपापला, पण तोवर मी पिन ठेवली होती. तुताऱ्या दणाणल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘लोरेन, काय फुंकतेस गं!’ आणि सभागृह कोसळलं. पोरं बाकं बडवत नाताळचं गाणं गायला लागली. वेलचा चेहरा पांढराफटक पडला. ‘घाईत... माझ्याकडे त्या आठवड्यात...’ एवढंच काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, ‘आता दुसरं काम शोधा, साहेब!’ तो मंचामागच्या दाराने निघून गेला. एवढं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं, आणि आजही मला त्याची तिळभर दया येत नाही.

पोरं अजून हसत होती तेव्हा पुढच्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उठली. ‘अहो, पण मग खऱ्या बाजूवर आहे काय? आता ती लावा ना.’

‘हो, लावा, लावा!’ सगळीकडून आवाज आला. हळूहळू हसणं थांबलं. बाहेर निघालेले दोघेतिघे परत येऊन बसले.

लोरेन दारापाशी उभी होती, कारखान्याच्या निळ्या झग्यात. केसांवरची जाळीसुद्धा काढली नव्हती तिने. इतक्या दिवसांनी तिचा चेहरा मला जागा झालेला दिसला. ती गर्दीतून वाट काढत मंचापाशी आली.

‘लाव ना, नेव्ह,’ ती हळूच म्हणाली. ‘ऐकतायत सगळे. लाव आईचं गाणं.’

मी हातातल्या कव्हराकडे बघितलं.

‘एवढी एकच आणलीये,’ मी म्हणालो. ‘आपली घरी आहे. पलंगाखाली.’

मागे लोक उठायला लागले, बाकं सरकली.

‘त्याने ऐकली नाही ते समजलं,’ ती म्हणाली. ‘तू का नाही आणलीस?’