मधे येणारं डोकं

मिनिटकाकांनी कॅमेरा घेतला तेव्हा गल्लीतल्या कबुतरांनी आपली बसायची जागा बदलली, असं शपथेवर सांगणारे लोक आहेत. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नाही. कॅमेरा तसा मुठीत मावेल एवढा. पण बटण दाबलं की त्याच्या पोटातून एक नळी बाहेर यायची, त्या नळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी भिंगाला कॅमेरा लटकवलाय की कॅमेऱ्याला भिंग, हेच कळेनासं व्हायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती हाच असणार.

"काका, यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात," विकणारा दुकानदार म्हणाला होता.

"चंद्रावर माझं काय अडलंय? रस्त्यापलीकडच्या खिडकीतलं दिसतं का, ते सांग."

दुकानदारानं अशा नजरेनं पाहिलं की काकांना घाईघाईनं खुलासा करावा लागला, "भावाची खिडकी आहे. सख्ख्या."

"मग कॅमेरा कशाला? हाक मारली तरी..."

"तू कॅमेरे विकतोस की उपदेश?"

दुकानदारानं मुकाट्यानं कॅमेरा बांधून दिला. पण माणूस सरळ होता. जाता जाता त्यानं पडद्यावरची एक पट्टी दाखवून बजावलं, "ही मधली रेघ बघून ठेवा. या रेघेपर्यंत भिंग बघतं. रेघेच्या पुढं गेलात की कॅमेरा आपल्या मनानं भर घालतो. तिथलं फार खरं धरायचं नाही."

काकांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते रेघेच्या अलीकडे कधी फिरकलेच नाहीत.

मिनिटकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. वडिलांचं दुकान त्यांनी चालवलं. रस्त्यात कुणी "किती वाजले" म्हणून विचारलं तर ते नुसती वेळ सांगून थांबत नसत, विचारणाऱ्याचं घड्याळ किती मिनिटं मागं आहे आणि त्यामागं त्याचा कोणता आळस आहे, तेही सांगत. म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणत. काका दुरुस्त करतात ते घड्याळ परत येत नाही, अशी ख्याती होती. आता दिवस पालटले. घड्याळं दुरुस्त कोण करतो? बंद पडलं की फेकलं. त्यात काकांना जवळचं दिसेनासं झालं, चिमट्यात धरलेला स्क्रू उडी मारून पळू लागला. तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते खिडकीत येऊन बसले. जवळचं गेलं तर गेलं, लांबचं तरी बघू.

लांबचं म्हणजे धाकट्याचं घर. धाकटा बसचा ड्रायव्हर. वडील शेवटची वर्षं त्याच्याकडे होते, कारण काकांच्या घराचा जिना उभा आणि काकांचा स्वभाव त्याहून उभा. वडिलांच्या खोलीत त्यांचं लंबकाचं घड्याळ होतं. शिसवी पेटी, पांढरी तबकडी, टोला असा की ऐकणाऱ्यानं पाठ ताठ करावी. वडील गेले त्या दिवशी काका तिकडे गेले, तर भिंतीवर नुसता खिळा.

"घड्याळ कुठंय?"

"माझ्याकडे नाही, दादा."

"मग काय, पाय फुटले त्याला?"

धाकटा काही बोलला नाही. चोराच्या तोंडाला कुलूप असतं, असं काकांनी तिथंच ठरवलं, आणि त्यानंतर दोघांमधल्या रस्त्यानं किती पावसाळे पाहिले, पण त्या भावांनी एकमेकांकडे टाकलेलं एक पाऊल पाहिलं नाही.

आणि कॅमेरा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांना घड्याळ सापडलं.

धाकट्याच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीच्या जरा वर, तेच! शिसवी पेटी, पांढरी तबकडी, लंबक. भिंग पार ताणून, रेघ ओलांडून, श्वास रोखून काकांनी फोटो घेतला. फोटोतल्या कडा जरा फुटल्या होत्या, पण वेळ स्पष्ट दिसत होती. दहा वाजून दहा मिनिटं. दुपारी काढला तरी दहा वाजून दहा. दिवेलागणीला काढला तरी दहा वाजून दहा.

"बंद पाडलंय!" काका ओरडले. "एक तर पळवलं, वर बंद पाडून ठेवलंय! बाबांचं घड्याळ!"

"तुमचा डोळा एक दिवस त्या भोकाला चिकटणार आहे," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "रस्ता ओलांडा आणि विचारा. तेवढ्याला कॅमेरा लागत नाही, तोंड लागतं."

"विचारलं होतं. खोटं बोलला."

"मग आता फोटो काढून काय करणार? घड्याळ चालू होणार?"

काकांनी फोटो मोठा करून घेतला आणि खिशात ठेवला. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की काढायचे, चहाच्या टपरीवर काढायचे. "बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिथं एक चोर राहतो, आणि त्याचं आडनाव माझंच आहे."

न्हावी फोटो उलटा धरून म्हणाला, "काका, हे घड्याळ आहे की फ्रीज?"

"तू दाढी कर."

"दाढीच करतोय. पण तुमचा भाऊ परवा इथंच बसला होता. मी म्हटलं, दादा तुमच्या घराचे फोटो काढतात. तर हसला."

"निर्लज्ज. हसणारच."

त्यानंतर मात्र काकांची पंचाईत सुरू झाली. कारण दुसऱ्या दिवसापासून धाकटा खिडकीत येऊन बसू लागला. सकाळी चहाची वेळ झाली की खिडकीला लागून खुर्ची, खुर्चीत धाकटा आणि त्याचं डोकं बरोबर घड्याळाच्या आड. काका डावीकडून नेम धरायचे, तर डोकं डावीकडे वळायचं. उजवीकडून धरायचे, तर उजवीकडे. काकांनी स्टुलावर चढून पाहिलं, गुडघ्यांवर बसून पाहिलं, एकदा तर शेजाऱ्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं दबा धरून पाहिलं. डोकं आपलं हजर. फोटोत घड्याळ थोडं तरी यायचंच, आणि पुढं एक करडा गोळा. कधी कानाएवढा, कधी खांद्याएवढा.

"मुद्दाम आड येतो," काका दात खाऊन म्हणायचे. "पुरावा झाकतोय."

"की तोंड दाखवतोय?" काकू म्हणाल्या.

"त्याचं तोंड बघायला कॅमेरा घेतला नाही मी."

काकांनी चिकाटी सोडली नाही. रोज सकाळी नेम, रोज खटका, रोज गोळा. कॅमेऱ्याचं एक कार्ड भरलं, दुसरं भरलं. तेवढ्या वेळात एखाद्यानं शहरातली सगळी घड्याळं साफ करून दिली असती.

मग एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली.

काकांचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना. त्यांनी सावकाश, चवीनं, मन भरेपर्यंत फोटो काढले. दुसऱ्या दिवशीही खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशी तर ऊन असं सुरेख पडलं होतं की तबकडीवरचा आकडा न् आकडा वाचता यावा. काका शीळ घालत होते. काकूंनी आतून येऊन त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हाही ते म्हणाले, "थांब, हलवू नकोस, आज मधे कुणी नाहीये."

"अहो, नाहीये खरंच," काकू म्हणाल्या. "तीन दिवस दवाखान्यात होते भावोजी. आज पहाटे गेले."

काकांनी कॅमेरा बंद केला. नळ्या एकेक करून आत गेल्या. 

त्या दिवशी काका रस्ता ओलांडून गेले, पण गर्दीत, दाराशीच उभे राहून परतले. आठवड्यानं धाकट्या भावजयीचा निरोप आला, भावोजींना म्हणावं या, आणि तो कॅमेरा घेऊन या. काका कॅमेरा कोटाखाली लपवून गेले, जणू चोरीचा माल परत द्यायला निघालेत.

स्वयंपाकघरात तिनं त्यांना खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. रडून रडून तिचा आवाज खरखरीत झाला होता.

"भावोजी, मला त्यांचा एक फोटो द्या."

"माझ्याकडे..."

"घरात एकही नाही. आहे तो कामाच्या पासावरचा, त्यात अर्ध्या तोंडावर शिक्का. तुम्ही मात्र रोज काढत होतात. शेकड्यांनी असतील. त्यातला एक, तुम्हाला नको असेल तो द्या."

काकांनी कोटावरून कॅमेरा चाचपला.

"न्हाव्यानं सांगितलं त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, अगं, दादा माझे फोटो काढतो. तेव्हापासून रोज उठून भांग पाडायचे. वरची गुंडी लावायचे. मी म्हणायचे, कुठं निघालात नटून? तर म्हणायचे, कुठं नाही, खिडकीत. एकदा या अंगानं बसायचे, एकदा त्या अंगानं. दादा बाजू बदलतोय, म्हणायचे, त्याला कुठून बरा दिसेन काय माहीत. शेजारच्या टाकीमागं चढलात त्या दिवशी तर काळजीच पडली त्यांना. दादा पडेल, म्हणाले. मी मान वर करतो, म्हणजे तो लवकर उतरेल."

काकांनी कॅमेरा काढला. बटण तिनंच दाबलं. पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. करडा गोळा. करडा गोळा. एक कान. खांद्याचा धूर. काका भराभर पुढं जात होते, कुठंतरी, चुकून, एखाद्या वेळी तरी कॅमेऱ्यानं त्यांचं न ऐकता धाकट्याचं तोंड धरलं असेल. पण कॅमेरा आज्ञाधारक होता. सगळीकडे मागचं घड्याळ रेखीव, आणि पुढचा माणूस पुसलेला.

"हे काय काढत होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

 काकांनी बोट केलं, तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे. आणि बोट केल्यावर त्यांनी स्वतःही पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भिंगाशिवाय.

डब्यांच्या फळीच्या वर एक पुठ्ठा टांगलेला होता. कॅलेंडरचा. तारखांची पानं केव्हाच संपलेली, वरचं चित्र तेवढं उरलेलं. लंबकाच्या घड्याळाचं चित्र. आणि खाली, रस्त्यापलीकडून डब्यांच्या आड जाणाऱ्या ठिकाणी, काकांच्याच दुकानाचं नाव.

ते कॅलेंडर काकांनीच छापून घेतलं होतं. एकदाच, भरभराटीच्या दिवसांत. छापणाऱ्यानं विचारलं होतं, काटे कुठं ठेवू? आणि काकांनी जाणकारीनं सांगितलं होतं, दहा वाजून दहावर ठेव, जाहिरातीत घड्याळ हसरं दिसतं. घड्याळाच्या जाहिरातीतली वेळ शेंबडं पोरही ओळखेल. लांबून ओढून आणलेलं सगळं चपटं दिसतं, तेव्हा चपट्याला पोटही असेल असं काकांनी आपल्या मनानं धरलं होतं. रेघेच्या पुढं.

"मग बाबांचं घड्याळ?" ते कसंबसं म्हणाले.

भावजय हसली. तसं हसणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"ते सांगू नये अशी मामंजींनी यांना शपथ घातली होती. पण शपथ घेणारे गेले आणि घालणारेही गेले. तुमच्या हाताला यश होतं ना, भावोजी? तुम्ही दुरुस्त केलेली घड्याळं बिघडून मागच्या दारानं इथं यायची. गिऱ्हाइकं मामंजींच्या पाया पडायची, आणि मामंजी म्हणायचे, पोराला सांगू नका, त्याचा हात बसेल हळूहळू. तसले जुने भाग बाजारात मिळत नव्हते. मग भिंतीवरच्या घड्याळातून काढायचे. आज एक चाक, उद्या स्प्रिंग. हे बाजूला कंदील धरून उभे. शेवटी पेटी राहिली, तीही कुणाच्या तरी कुजलेल्या पेटीच्या जागी गेली. तुमची ख्याती ज्या भिंतीवर उभी होती ना, तिथला खिळा तेवढा राहिला."

"त्यानं मला सांगायचं..."

"तुम्ही चोर म्हणालात, तरी सांगितलं नाही. दादाचं नाव राहू दे, म्हणाले."

बराच वेळ ती कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा मागून पुढं बघत राहिली. मग एका गोळ्यावर थांबली.

"हा द्या. मोठा करून."

"यात काही दिसत नाही गं."

"म्हणूनच. लोक विचारतील, हा कोण? मी सांगेन, माझा नवरा. असा का दिसतो म्हणाले, तर सांगेन, सख्ख्या भावानं काढलाय."

काकांनी मोठा करून आणला. चौकट घालून आणली. तिनं त्यांच्याकडूनच तो त्या भिंतीवर लावून घेतला, कॅलेंडर उतरवून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे घ्या तुमचं घड्याळ." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी काका खिडकीत बसले. नळीतून नळी बाहेर आली. रेघेच्या अलीकडे, अगदी अलीकडे थांबून त्यांनी नेम धरला. मधे कुणी आलं नाही. समोर चौकट होती, चौकटीत तो करडा गोळा. काकांनी बटण अर्धं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कॅमेरा दर वेळी पडद्यावर हिरवा चौकोन काढून, बारीक आवाज करून सांगत होता की फोकस अगदी बरोबर आहे.